भिंतीतून जाणारा जंपर

ॲथल ट्रिझाइजला नातवंडांचे वाढदिवस आठवत नसत, पण आपल्या रेडिओच्या मीटरची सुई कुठं उभी असते हे त्यानं भुलीतसुद्धा सांगितलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर येता येता तो नर्सला म्हणाला, एकास एक. नर्सला वाटलं, म्हातारा पाढे म्हणतोय.

एकास एक म्हणजे रेडिओतून निघालेली ताकद सगळीच्या सगळी अँटेनाकडे गेली, परत काही आलं नाही. आकडा दोनावर, तिनावर गेला की समजायचं, वर काहीतरी बिघडलंय आणि निघालेला माल उलट्या पावली घरी येतोय. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या स्ट्रीकी बे गावात देवावर श्रद्धा असलेली माणसं आता फार उरलेली नाहीत, पण आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेनं हवेवर बोलणाऱ्यांच्या, क्लबात या आकड्यावर श्रद्धा नसलेला एक माणूस दाखवा. ॲथल तर त्या पंथाचा पोपच. घरी कुणी आलं की तो आधी मीटर दाखवी आणि मग बसायला खुर्ची देई.

मी रस्त्याच्या पलीकडे राहतो. मला सगळे डस्टी म्हणतात. रेल्वेच्या गँगवर रूळ उचलून उचलून माझी कंबर गेली, तेव्हापासून घरी मीही एक छोटा रेडिओ मांडलाय, पण माझा बराचसा वेळ ॲथलच्या शेडमध्ये जातो. शेड म्हणजे पूर्वी तो ट्रॅक्टर ठेवायचा ती पत्र्याची खोली. आता तिथं एक टेबल, टेबलावर रेडिओ, रेडिओशेजारी मीटर आणि बाहेर मास्टवर, म्हणजे उंच लोखंडी खांबावर, अँटेना. त्या अँटेनाचं तोंड कायम पश्चिमेला, समुद्राकडे. ॲथल सांगायचा की फिरवायची मोटर जाम झालीय. मोटर ठणठणीत होती. पश्चिमेला समुद्र संपतो तिथं ऑल्बनी आहे आणि ऑल्बनीत त्याचा धाकटा भाऊ लायल राहतो.

दोघं बोलत नव्हते. बाप गेल्यावर लायलनं बापाची मासेमारीची बोट ॲथलला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली. ॲथल म्हणाला, बोट माझीही होती. लायल म्हणाला, तू बोटीवर चढलास की ओकायचास. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे भांडण मिटायला काही जागाच राहिली नाही. बायका एकमेकींना नाताळात जर्दाळूचा मुरंबा पाठवत राहिल्या, पण भावांपैकी कुणी फोन उचलला नाही. जो आधी फोन करील तो हरला, असा त्यांचा हिशेब. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. हे दोघं तर अजून जळलेही नव्हते.

रेडिओची गोष्ट मात्र वेगळी. आमच्यात रीतच आहे की हवेवर कुणी हाक मारली आणि तुम्हाला ती ऐकू आली, तर उत्तर द्यायचं. समोरच्याशी वैर असेल, त्याच्या कुत्र्यानं तुमच्या कोंबड्या खाल्लेल्या असतील, तरी द्यायचं. त्याच्या कॉलसाइनला, म्हणजे हवेवरच्या सरकारी नावाला, आपल्या कॉलसाइननं उत्तर, आवाज किती स्पष्ट येतो त्याचा आकडा (पाचावर नऊ म्हणजे पैकीच्या पैकी), नाव आणि गाव. एवढं झालं की तुम्ही मोकळे. ही रीत असल्यामुळे ॲथलला मार्ग होता. हवेवर बोलला तर तो हरत नव्हता, नुसती रीत पाळत होता.

आणि निसर्गानंही सोय करून ठेवलेली आहे. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत, आमच्या आणि ऑल्बनीच्या मधल्या आखातावर, ज्याला आम्ही बाइट म्हणतो, गरम हवेचं झाकण बसतं. एरवी जो आवाज क्षितिजापाशी दम सोडतो तो त्या झाकणाखालून घरंगळत पार पलीकडच्या किनाऱ्यावर जातो. अशा दिवशी दुपार कलली की लायलचा आवाज ॲथलच्या शेडमध्ये यायचा. लायलकडे मोठं यंत्र, त्याहून मोठी अँटेना आणि बापाचा घसा. कुंपणापलीकडून ओरडतोय असं वाटायचं. कुणी ऐकतंय का, म्हणून तो सगळ्यांना हाक मारायचा. ॲथल लगेच बटण दाबून आपलं कॉलसाइन सांगायचा. लायल क्षणभर थांबायचा आणि पोर्ट लिंकनच्या दातांच्या डॉक्टरला उत्तर द्यायचा. मग ॲडिलेडच्या कुणा पाद्र्याला. मग माझ्या घरच्या रेडिओवर मला. मी उत्तर घ्यायचो, आकडा द्यायचो आणि गप्प बसायचो, कारण लायलसमोर आपलं नाव काढायचं नाही अशी शपथ ॲथलनं मला घातली होती. शिवाय दोन भावांच्या भांडणात निरोप्या झालं की दोन्हीकडच्या शिव्या एकाच टपाल्याला मिळतात.

असे कितीतरी उन्हाळे गेले. ॲथलची मान दर वेळी तांबडी व्हायची, पण दुसऱ्या दिवशी तो परत टेबलाशी. या नाताळात मात्र क्लबच्या जेवणाला त्यानं खिम्याच्या पेस्टीवरचा सॉस पुसत सगळ्यांसमोर जाहीर केलं की हा शेवटचा उन्हाळा. एवढ्या वर्षांचं भांडण समजू शकतो, पण हवेवरच्या हाकेलाही उत्तर न देणारा माणूस आपला भाऊ नाही. या उन्हाळ्यात लायल बोलला नाही तर रेडिओ, मास्ट सगळं विकायचं, लायलचं नाव घरात काढायचं नाही आणि हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या क्लबात नाव घालायचं. त्याची बायको मर्ल हे ऐकून पांढरी पडली. तिथं पांढऱ्या विजारी घालाव्या लागतात आणि त्यांना इस्त्री कोण करणार हे तिला माहीत होतं.

डेझ्मानं तेव्हाच विचारलं, तुझा आवाज तिकडं पोचतोच कशावरून? डेझ्मा म्हणजे आमच्या क्लबची चिटणीस. गावात तिचं केस कापायचं दुकान आहे. एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात तारा डाग देऊन जोडायची तापलेली सळई घेऊन ती सारख्याच सफाईनं बोलते आणि कुणाचीही भीड ठेवत नाही. ॲथलनं उत्तरादाखल तिला शेडमध्ये नेऊन मीटर दाखवला. सुई एकास एकवर, मेल्यासारखी स्थिर. मीही साक्ष दिली की मला ॲथल अगदी कडक ऐकू येतो. डेझ्मा म्हणाली, तू रस्त्यापलीकडे राहतोस, तुला तो तुझ्या खोट्या दातांतूनही ऐकू येईल. पण सुईसमोर तिचाही इलाज चालला नाही.

ॲथलचा निष्कर्ष असा निघाला की लायलला आपला आवाज ऐकू येतो, पण बारीक येतो, म्हणून त्याला न ऐकल्याचं सोंग करता येतं. आवाज इतका मोठा झाला पाहिजे की सोंग करायला जागाच राहू नये. त्यासाठी वाटेत थेंबभरही ताकद सांडता कामा नये. मास्टपासून शेडच्या भिंतीपर्यंतची मुख्य केबल भारीच होती. राहिले जंपर. जंपर म्हणजे जोडायचे आखूड तुकडे: एक रेडिओपासून मीटरपर्यंत आणि दुसरा मीटरपासून भिंतीच्या भोकातून बाहेर, मुख्य केबलपर्यंत. कुणाची मुलगी पळून गेली तर आमच्या गावात चहाच्या एका कपात विषय संपतो. जंपरला कुठली केबल घ्यावी हा विषय जानेवारीभर चालला.

शनिवारी सकाळी आम्ही बेकरीच्या व्हरांड्यात जमतो. इतर म्हातारे खिशातून नातवंडांचे फोटो काढतात, आमच्या लोकांनी केबलचे तुकडे काढले. टेबलावर ते मांडले आणि एकेकाला हातात घेऊन, वाकवून, वास घेऊन पाहणी सुरू झाली. ॲथलनं आणलेला तुकडा बागेच्या नळीएवढा जाड होता. आत एकसंध तांब्याची तार, पेन्सिलीएवढी म्हणावी अशी, भोवती फेसाचं पांढरं अस्तर, त्यावर चकचकीत पत्रा. गळती सगळ्यात कमी, असं त्यानं सांगितलं आणि कोष्टक पुढं सरकवलं. बारीक अक्षरं मला आजही लागत नाहीत, पण जाडी डोळ्यांना दिसत होती. मी एक करंगळीएवढी बारीक, स्वस्तातली केबल सुचवली. तिच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं जसं मी लग्नाच्या पंगतीत उकडलेला बटाटा घेऊन आलोय.

डेझ्मानं मधल्या जाडीची काळी केबल पुढं केली. आत बारीक तारा पिळून केलेली दोरी, वर तांब्याच्या विणीचे दोन थर. तिचं म्हणणं असं की हातभर तुकड्यात ताकद गळून जाणार ती किती? मास्टवरची केबल एकदा चढवली की मेल्याशिवाय खाली येत नाही, तिथं जाड आणि ताठ शोभते. जंपर रोज हलतो, कुणी तो काढतं, कुणी लावतं, त्याला वाकता आलं पाहिजे. एकसंध तार वाकून वाकून एक दिवस आतल्या आत तुटते आणि ताठ केबल ज्याला जोडाल त्यालाच ढकलत बसते.

"केस वळवणारी बाई मला तार वळवायला शिकवतेय," ॲथल म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर काही असतं तर तेही वळवून दिलं असतं," डेझ्मा म्हणाली.

ॲथलनं जाड केबलच मागवली. ती ॲडिलेडहून बैलगाडीच्या चाकाएवढ्या कड्यात आली. तिचा तुकडा त्यानं रेडिओ आणि मीटरच्या मध्ये बसवला. मी विचारलं, भिंतीतला जंपर का बदलत नाहीस? तो जंपर करडा, जुना, कुठल्याशा कोळंबीच्या बोटीवरून उतरवलेला होता. भिंतीच्या भोकात त्याच्याभोवती चिंध्या कोंबलेल्या होत्या. ॲथलनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. तो जंपर लावल्यापासून सुई एकास एकवरून हललेली नाही, तो म्हणाला, लाभलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो.

जाड केबलनं पहिल्याच दिवशी आपला स्वभाव दाखवला. तिला सरळ व्हायचं होतं आणि रेडिओ वाटेत होता. रेडिओचे पुढचे पाय टेबलावरून उचलले गेले आणि तो मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखा छताकडे बघत राहिला. ॲथलनं त्याच्या डोक्यावर वीट ठेवली. वीट पुरेना, म्हणून रंगाचा भरलेला डबा ठेवला. मग तो आनंदात म्हणाला की आता लायलच्या कानाचे पडदे फाटतील.

पहिल्या कडक दुपारी लायलचा आवाज आला. ॲथलनं उत्तर दिलं. लायल थांबला आणि पोर्ट लिंकनच्या दातवाल्याशी त्याच्या कवळीवरून गप्पा मारत बसला. ॲथलनं पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. मी छताकडे बघत होतो, रेडिओही बघत होता. अखेर ॲथलनं मायक्रोफोन खाली ठेवला आणि फार हळू म्हणाला, झालं, कळलं मला.

इतक्यात मर्ल आत आली. फाटकाला लावायला आणलेला हिरव्या रंगाचा डबा ती दोन दिवस शोधत होती. तो रेडिओच्या डोक्यावर दिसल्यावर तिनं काही न विचारता उचलला.

पुढचं फार भरभर झालं. वजन जाताच जाड केबल ताठ झाली, रेडिओ मागं उलटला, मीटर फळीवरून उडाला आणि उडता उडता भिंतीतला जुना जंपर घेऊन गेला. चिंध्या सुटल्या, जंपर भोकातून आत ओढला गेला आणि त्याचं एक टोक उपटून टेबलावर पडलं. ॲथल ओरडला तो मीटरसाठी. मीटर चिंध्यांच्या ढिगावर पडला होता, त्याला काही झालं नव्हतं. आणि मग आम्ही तिघांनीही टेबलाकडे पाहिलं. जंपरच्या तुटलेल्या टोकातून पाणी ठिबकत होतं. हिरवट, खारट वासाचं पाणी.

"केबलला सर्दी झालीय," मर्ल म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

मी डेझ्माला बोलावलं. दुकान बंद करून ती हत्यारांची पेटी आणि आपली काळी केबल घेऊन आली. जाड तुकडा तिनं काढून ॲथलच्या हातात दिला आणि त्यातून टोमॅटोंना पाणी घालायला सुचवलं. मग दोन्ही ठिकाणी काळ्या केबलचे जंपर बसवले. रेडिओ चारही पायांवर उभा राहिला. ॲथलनं बटण दाबलं आणि सुई तिनाच्याही पुढं गेली.

त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते दुःख नव्हतं, समाधान होतं. बघा, तो म्हणाला, एवढा गाजावाजा करून आणलेली केबल. त्यानं जुन्या करड्या जंपरचं तुटलेलं टोक सोलून, चिकटपट्टी लावून पुन्हा बसवलं. सुई खाली उतरली आणि आज्ञाधारक पोरासारखी एकास एकवर जाऊन बसली. ॲथल खुर्चीत मागं रेलला. मलाही क्षणभर वाटलं, डेझ्मा फसली.

डेझ्मा शेडच्या बाहेर गेली. भिंतीपलीकडे तिची खुडबूड ऐकू आली. मग तिनं आत डोकावून ॲथलला बटण दाबायला सांगितलं. त्यानं दाबलं. सुई एकास एक.

"मस्त आहे ना?" डेझ्मानं विचारलं.

"मस्तच आहे."

"मग बाहेर येऊन बघ ती कशाला जोडलीय."

आम्ही बाहेर गेलो. मुख्य केबल जमिनीवर पडली होती. करड्या जंपरचं टोक भिंतीतून बाहेर लोंबत होतं, कशालाही न जोडलेलं, आणि त्याखाली मर्लची कोंबडी उभी होती. म्हणजे अँटेना नाही, मास्ट नाही, काहीच नाही, आणि तरी सुई खूष. जंपरच्या पोटात इतकं खारं पाणी आणि इतका गंज होता की आत गेलेली ताकद तो सगळी पिऊन टाकत होता. परत येण्याइतकंही काही शिल्लक राहत नव्हतं आणि परत काही येत नाही म्हणून सुई शाबासकी देत होती. लायल इकडे ऐकू यायचा तो त्याच्या राक्षसी यंत्राच्या जोरावर. इकडून जायचं ते माझ्या घरापर्यंत.

ॲथलनं कोंबडीकडे बोट दाखवलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं हिच्याशी बोलत होतो," तो म्हणाला.

नव्या जंपरनं सुई तिनाच्या पुढं जात होती, याचा अर्थ वर अँटेनातही बिघाड होता. जुना जंपर तोही झाकून ठेवत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही मास्ट आडवा केला. कोरेला जातीच्या पांढऱ्या पोपटांनी अँटेनाच्या जोडावरचं रबर कधीच खाऊन टाकलं होतं आणि आतल्या तारेला चोचा मारून तिची दातकोरणी केली होती. डेझ्मानं जोड कापून नवा केला, त्यावर टेप गुंडाळला, टेपवर आणखी टेप गुंडाळला. मास्ट उभा केल्यावर सुई दीडावर आली. दीड म्हणजे उत्तम, असं तिनं सांगितलं. ॲथलनं मान हलवली, पण मी पाहिलं की तो मधूनमधून मीटरला टिचकी मारत होता, सुई लाजून तरी खाली येईल म्हणून.

मग आठवडाभर वारा दक्षिणेचा, थंड. झाकण बसेना. मला वाटलं ॲथल उतावळा झाला असेल. पण तो शेडमध्ये येईनासा झाला. आम्ही गेलो की म्हणायचा, गुडघा दुखतोय. मी मर्लला विचारलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, गुडघा नाही रे, त्याला भीती वाटतेय. आतापर्यंत लायल उत्तर देत नव्हता तर राग धरता येत होता. मग कळलं की जंपर दोषी होता, म्हणजे लायलवरचा राग गेला. आता सगळं नीट आहे आणि तरीही तो बोलला नाही तर दोष कुणावर टाकायचा? केबल तर सगळी बदलून झाली.

फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तरेच्या वाळवंटाकडून भट्टीचं दार उघडल्यासारखं ऊन आलं. समुद्र आरशासारखा आणि लांबची बेटं हवेत तरंगलेली. दुपार कलली तशी मी आणि डेझ्मा ॲथलच्या शेडमध्ये गेलो. मर्लही आली. ती कधी यायची नाही. तिनं येताना थंड बिअर आणली होती, पण कुणी उघडली नाही. ॲथल रेडिओसमोर हात मांडीवर ठेवून बसला होता.

लायलचा आवाज आला, तसाच, कुंपणापलीकडून. कुणी ऐकतंय का, हे ऑल्बनी, कुणी ऐकतंय का.

ॲथलनं बटणाला हात लावला नाही. लायलनं पुन्हा विचारलं. दातवाला बहुतेक दुकानात असावा, कारण कुणीच उत्तर देईना. लायल थांबला. नुसती खरखर.

"मायक्रोफोन चावत नाही," मर्ल म्हणाली.

ॲथलनं बटण दाबलं आणि आपलं कॉलसाइन सांगितलं. सांगताना आवाज फाटला. बटण सोडलं. खरखर. मी स्वतःच्या बुटांकडे बघू लागलो. रेल्वेत असताना कुणाला कामावरून काढत असले की मी असाच बुटांकडे बघायचो.

"शेवटचं अक्षर गेलं," लायल म्हणाला. "पुन्हा सांगा."

ॲथलनं पुन्हा सांगितलं. या वेळी तिकडची शांतता लांबली. इतकी, की मला वाटलं त्यानं रेडिओच बंद केला. मग परक्या माणसाला सांगतात तशा सुरात तो म्हणाला, "ऐकतोय. पाचावर नऊ. नाव लायल. गाव ऑल्बनी."

"पाचावर नऊ. नाव ॲथल. गाव स्ट्रीकी बे."

रीत पुरी झाली होती. आता दोघांपैकी कुणीही शुभेच्छा देऊन मोकळा होऊ शकत होता. दोघंही निघेनात. एक फ्रीक्वेन्सी अडवून दोन म्हातारे गप्प बसले होते.

"हवा कशी आहे तिकडं?" लायलनं विचारलं.

"गरम."

"इथंही गरम." मग तो म्हणाला, "मला वाटलं, तू सामान विकून टाकलंस."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दर उन्हाळ्यात अँटेना तुमच्याकडं तोंड करून ठेवतो. सगळे येतात. तो डस्टी येतो, त्याचं कोण ऐकतंय. तू तेवढा येत नाहीस."

ॲथल आमच्याकडे वळला. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. डेझ्मानं बघितलं, तिला भीड नाही.

"जंपर खराब होता," ॲथल म्हणाला. "भिंतीतला."

"सुई काय दाखवत होती?"

"सुई मस्त होती."

पलीकडून हसू आलं. पाण्याऐवजी हवा ओढणाऱ्या पंपासारखं ते ट्रिझाइजांचं हसू आहे. बापही तसाच हसायचा, असं म्हणतात. ते थांबल्यावर लायलनं विचारलं, "म्हणजे तू मला हाका मारत होतास?"

"मधूनमधून," ॲथल म्हणाला.

मर्लनं बिअर उघडली आणि स्वतःच प्यायली.

मग लायलनं विचारलं की ईस्टरला तिकडं व्हायटिंग मासे अजून लागतात का. ॲथल म्हणाला, लागतात, पण जायला बोट नाही. हे बोलल्याबरोबर त्यानं डोळे मिटले. मीही मिटले. एवढी धडपड करून आवाज पोचला आणि पोचवलं काय, तर हे. लायल बोलू लागला, "बोटीचं म्हणशील तर मी तेव्हा..." आणि नेमका तेव्हाच दारातून गार झुळूक आली. वारा फिरला होता. समुद्रावरचं झाकण उचललं गेलं आणि लायलचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा बुडत गेला. एक शब्द वर आला, एक बुडाला, मग नुसती खरखर.

ॲथलनं बटण इतक्या जोरात दाबलं की नख पांढरं झालं.

"तू ये," तो म्हणाला. "बोट नको. नुसता ये. ऐकलंस का? ये."

त्यानं बटण सोडलं. खरखर. पुन्हा दाबून तेच सांगितलं. पुन्हा खरखर. आमच्यात निरोप सांगितला म्हणजे दिला असं होत नाही. पलीकडचा मिळाला म्हणेपर्यंत तो हवेत लोंबकळत राहतो. ॲथल सुईकडे बघत होता. ती दीडावर होती.

"गेलं का?" त्यानं डेझ्माला विचारलं.

"इथून गेलं, एवढं सुई सांगते," ती म्हणाली. "पोचलं की नाही ते तिकडचा माणूस सांगतो."

ॲथल उठला. दुखरा गुडघा ओढत अंगण ओलांडून घरात गेला. आम्ही मागोमाग. त्यानं स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन उचलला आणि आम्हा तिघांकडे वळून बजावलं की हा फोन नाही, ही तांत्रिक चौकशी आहे. शेवटचा संदेश मिळाला की नाही एवढंच विचारायचंय. हॅमला हे विचारावंच लागतं. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. मर्लनं नंबर सांगितला; तिला तो पाठ होता.

त्यानं नंबर फिरवला, कानाला लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. नंबर पुन्हा फिरवला.

"लागत नाही. लाइन बिझी आहे," तो म्हणाला. "आत्ता तर माझ्याशी बोलत होता. आता हा कुणाशी बोलतोय?"

"फोन खाली ठेव," मर्ल म्हणाली, "म्हणजे कळेल."